तिला विचारा, हे कशामुळे झालं असं तिला वाटतं
(महाराष्ट्रात स्तनाच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र)

प्रति,
स्तनाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशनचे उपचार करणारे महाराष्ट्रातले सर्व डॉक्टर,
आणि त्यांच्या ओपीडीत काम करणाऱ्या सिस्टर व समाजसेवा अधीक्षक,

सप्रेम नमस्कार.

केस पेपरवर तुम्ही बाईचं वय लिहिता. पाळी कधी आली, कधी गेली, मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं, घरात कुणाला कॅन्सर होता का, गाठ किती सेंटिमीटरची, काखेत गाठी लागतात का, सगळं लिहिता. या ओळींखाली आणखी एक ओळ हवी, ती मागण्यासाठी हे पत्र आहे. उपचार ठरवण्याआधी बाईला विचारा, “हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं?” आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

मी स्वतः या आजारातून गेले आहे. माझे उपचार संपल्यापासून सातारा-सांगली भागातून मुंबई-पुण्याला उपचारासाठी जाणाऱ्या बायकांची सोबत करते. महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राकडे कागद लावून देणं, धर्मशाळेत जागा मिळते का बघणं, केमोच्या दिवशी शेजारी बसणं, असं माझं काम. तुमच्या समोरच्या खुर्चीत जी बाई मान खाली घालून बसते, तीच परतीच्या एसटीत तास-दोन तास बोलत असते. तुमच्यासमोर नवरा, दीर किंवा मुलगा बोलतो. एसटीत ती बोलते, आणि बोलते ते मुख्यतः कारणाबद्दल.

कुणी म्हणतं, पोराला पाजताना त्यानं डोकं मारलं होतं, तिथंच गाठ आली. कुणी म्हणतं, दूध साकळलं होतं ते निघालंच नाही. कुणाला कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशननंतर अंग बिघडल्यासारखं वाटतं, कुणाला जावेनं करणी केल्याची खात्री असते. एकीनं तरुणपणी गर्भ पाडला होता, त्याचं हे फळ म्हणून ती रडते. एकीचा नवरा गेला तेव्हापासून झोप नाही, म्हणून झालं. शहरातल्या शिकलेल्या बायकांची कारणं वेगळी असतात, पण असतातच: प्लास्टिकचे डबे, डिओडरंट, घट्ट ब्रा, साखर, नोकरीतला ताण.

यातल्या बहुतेक कारणांना शास्त्राचा आधार नाही. मार लागून कॅन्सर होत नाही. मार लागला की हात तिथं जातो आणि आधीपासून असलेली गाठ हाताला लागते. ब्रा आणि डिओडरंट यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. गर्भपाताचा प्रश्न 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 53 अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासला गेला, त्यातही धोका वाढलेला दिसला नाही. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला सांगायचंय ते याच्या पुढचं. बाई उपचार स्वीकारते, अर्धवट सोडते की टाळते, हे तिच्या मनातल्या कारणावर ठरतं. तुम्ही गाठीला उपचार लिहून देता, ती मनातल्या कारणावर उपचार शोधत असते. दोन्ही जुळले तर ती वेळेवर येते. जुळले नाहीत तर तुमच्या फाईलवर ‘रुग्णाने उपचारास नकार दिला’ किंवा ‘पुन्हा आली नाही’ एवढंच उरतं.

सर्वांत जास्त ऐकू येते ती तपासणीसाठी तुकडा काढणाऱ्या सुईची (बायोप्सीची) आणि चाकूची धास्ती. “तुकडा काढला की भडकतंय म्हणत्यात, ताई. आमच्या भावकीतल्या एकीचं ऑपरेशन केलं अन् चार महिन्यांत गेली बघा.” यात खोटं काहीच नाही. ती बाई खरंच गेली, आणि ऑपरेशननंतरच गेली. तिला दवाखान्यात नेलं तेव्हाच आजार हाडांत किंवा यकृतात पोचला होता, हे मात्र भावकीत कुणालाच कळलेलं नसतं. गावानं पाहिला तो क्रम: आधी चाकू, मग मरण. जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून या बाईनं अनुमान काढलंय. तिला नुसतं “असं काही नसतं” म्हटलं तर तिच्या मनात तुमच्या शब्दाविरुद्ध एक खरंखुरं मरण उभं राहतं, आणि ते मरण जिंकतं. तिला त्या भावकीतल्या बाईची गोष्ट नीट उलगडून सांगायला हवी. कोणत्या टप्प्यावर आली होती, गाठ किती दिवस अंगावर काढली होती, पोटाची सोनोग्राफी केली होती का. त्यासाठी आधी ती गोष्ट तुमच्या कानावर पडायला हवी ना.

या भीतीचा एक धागा थेट परळच्या संशोधनाला जाऊन भिडतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाते तेव्हा तिथल्या पेशींना पसरायला मदत होत असेल का, हा प्रश्न परळच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीरपणे घेतला. देशातल्या 11 केंद्रांत सुमारे 1600 बायकांवर त्यांनी चाचणी केली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या साध्या आणि स्वस्त औषधाचं, इंजेक्शन दिलं. 2023 साली निष्कर्ष छापून आले. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनी 90.1 टक्के बायका जिवंत होत्या, न मिळालेल्यांपैकी 86.4 टक्के. आता हे एसटीतल्या त्या बाईला सांगायचं कसं? मी असं सांगते: चाकू दोघींनाही लागला आणि दोन्हीकडे शंभरातल्या 86 हून जास्त जणी पाच वर्षांनी घरी नांदत होत्या. तुझ्या मनात जी शंका आली ती मोठ्या डॉक्टरांच्याही मनात आली, त्यांनी ती तपासली आणि ऑपरेशन आणखी सुरक्षित करण्याची वाट शोधली. मी पाहिलंय, शंका धुडकावून न लावता तिला उत्तर दिलं की बाई सरळ बसते आणि पुढचं विचारते.

उशिराची किंमत काय, तेही आपल्याच देशाच्या आकड्यांत आहे. 11 कॅन्सर नोंदणी केंद्रांच्या माहितीवरून 2024 साली निघालेला हिशेब सांगतो की आजार स्तनापुरता असताना निदान झालं तर पाच वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण 81 टक्के, काखेत वगैरे पसरल्यावर 65 टक्क्यांच्या आसपास आणि दूरच्या अवयवांत पोचल्यावर सुमारे 18 टक्के. 2022 या एका वर्षात भारतात या आजाराच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्ण असल्याचा आणि 98 हजारांवर मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. एवढे मृत्यू केवळ समजुतींमुळे होतात असं मी म्हणणार नाही. पैसा, अंतर, शेतीची कामं, घरात दुसरं कुणी स्वयंपाकाला नसणं, ही कारणं मोठी आहेत आणि ती मला रोज दिसतात. पण एसटीचं तिकीट काढून दिलं, योजनेत नाव बसवलं, तरीही बाई गाडीत बसत नाही तेव्हा अडचण वेगळी असते.

उष्णतेचं उदाहरण घ्या, कारण ते तुमच्या खोलीत कधीच निघत नाही. आपल्याकडे पुष्कळ बायकांना वाटतं की हा आजार अंगातल्या उष्णतेनं झाला. मग केमो ‘गरम’, गोळ्या ‘गरम’, अंडी गरम, पपई गरम, मटण तर नकोच. ज्या दिवसांत शरीराला प्रथिनांची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्या दिवसांत बाई भात-ताकावर राहते. पुढे शस्त्रक्रिया होते, केमो होते, रेडिएशनचा शेक होतो, आणि तुम्ही पाच वर्षांसाठी टॅमॉक्सिफेन लिहून देता. ही गोळी इस्ट्रोजेन या स्त्रीहार्मोनचा परिणाम अडवते, त्यामुळे अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामानं पातळ भिजतं. ज्या बाईच्या मते आजार उष्णतेनंच झाला, तिच्या दृष्टीनं आता तोच आजार परत आला आणि आणला या गोळीनं. ती सब्जा भिजवून पिते, धने-जिऱ्याचं पाणी पिते, आणि गोळी गुपचूप बंद करते. तुम्हाला सांगत नाही, कारण तुम्ही रागवाल. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्यानं पुढच्या पंधरा वर्षांतलं या आजारानं होणारं मरण सुमारे एक तृतीयांशानं कमी होतं, हे मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून दिसलेलं आहे. एवढी मोलाची, आणि बाकी उपचारांच्या मानानं इतकी स्वस्त गोळी एका न विचारलेल्या प्रश्नापायी डब्यात पडून राहते. सुरुवातीलाच कुणी म्हणालं असतं, “मावशी, या गोळीनं अंग तापेल, वाफा येतील. ते गोळी काम करत असल्यानं होतं, आजार वाढल्यानं नाही. सब्जा प्या, धन्याचं पाणी प्या, गोळी सोडू नका, फारच त्रास झाला तर मला येऊन सांगा,” तर ती पाच वर्षं पार पाडण्याची शक्यता कितीतरी वाढली असती.

आता आनुवंशिकता. हे कारण शास्त्राला मान्य आहे, म्हणून तिथं सगळं सुरळीत असेल असं वाटतं. तसं नाही. स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी पाच ते दहाच आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होतात. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही त्यातली ठाऊक असलेली नावं. पण ‘कॅन्सर घराण्यात असतो’ ही समजूत दोन्हीकडून घात करते. ज्यांच्या घरात कुणाला नव्हता त्या बाया निर्धास्त राहतात. “आमच्यात कुणालाच नाही, मला कसा होईल,” म्हणत गाठ सहा-सहा महिने अंगावर काढतात, त्यात ती दुखत नसली तर विचारूच नका. (ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, ही एक गोष्ट गावोगावच्या भिंतींवर रंगवावी असं मला फार वाटतं.) आणि ज्यांच्या मुली लग्नाच्या आहेत त्या आजारच लपवतात. मुलीच्या सासरी कळलं तर? सोयरीक मोडली तर? केमोनं केस जातील, गावभर होईल, म्हणून केमो नको. जनुकांची तपासणी तर मुळीच नको, कागदावर आलं तर पोरीच्या कपाळी बसेल. एका आईनं मला स्पष्ट सांगितलं होतं, “थोरलीचं उरकू द्या, मग बघू.” तुमच्या हिशेबात हा विलंब बेफिकिरीचा. तिच्या हिशेबात तो मुलीसाठी केलेला त्याग. त्या आईला मृत्यूची भीती घालून उपयोग नव्हता, ती तिनं आधीच स्वीकारलेली होती. तिला हे सांगणारं कुणी हवं होतं की दहातल्या नऊ जणींचा कॅन्सर लेकीच्या रक्तात जात नाही, आणि विगची सोय होते, आणि पाहुण्यांना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू.

ताणाबद्दल थोडं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या 378 बायकांना 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारण विचारलं होतं. सर्वांत जास्त, 42 टक्के जणींनी, ताण असं उत्तर दिलं. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नाही. ताणामुळे स्तनाचा कॅन्सर होतो असा पक्का पुरावा मिळालेला नाही, तरी मनाला ते पटतं, कारण आयुष्य मागं वळून पाहिलं की दुःखाची तारीख प्रत्येकीला सापडते. ज्या बाईचं कारण ताण, तिला ध्यान, योग, नोकरी सोडणं, माहेरी जाऊन राहणं हेच मुख्य औषध वाटतं आणि शस्त्रक्रिया दुय्यम. इथं तुमच्या हाती चांगला मार्ग आहे. टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना उपचारांच्या जोडीनं योग शिकवून त्याचीही रीतसर चाचणी झालेली आहे. म्हणजे योगाला नाही म्हणायची गरज नाही, फक्त ‘जोडीनं’ हा शब्द ठासून सांगायचा. कारण ‘ऐवजी’चा परिणामही मोजला गेला आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली दाखवलं की बरा होण्याजोगा कॅन्सर असताना फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत मरण्याचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या साडेपाच पटींहून जास्त होता. त्या बाया न शिकलेल्या नव्हत्या. अशा अभ्यासांत पर्यायी वाट धरणारे बहुधा जास्त शिकलेले आणि खाऊनपिऊन सुखी निघतात. म्हणून हा प्रश्न खेड्यातल्या बाईलाच विचारायचा आणि इंग्रजी बोलणाऱ्या मॅडमना नाही, असं करू नका.

पाप, करणी, देवीचा कोप यांबद्दल मला एवढंच सांगायचंय की इथं हसू नका आणि चिडू नका. अंगारा लावून आलेल्या बाईचा अंगारा पुसायला लावणारी माणसं मी ओपीडीत पाहिली आहेत. अमावस्या टळू दे म्हणणाऱ्या कुटुंबाला चार दिवस द्या, त्यानं आजाराचं काही बिघडत नाही. चार महिने मागितले तर मात्र हट्ट धरून बसा. पण पापाची भावना असलेली बाई आणखी एका तऱ्हेनं हातची जाते. ती उपचार नाकारत नाही, दुखणं नाकारते. हात सुजला, तोंडात फोड आले, जखम चिघळली, तरी सांगत नाही. ही शिक्षा आहे आणि ती भोगली पाहिजे, असं तिनं मनाशी ठरवलेलं असतं. सहनशील रुग्ण म्हणून तुम्ही तिचं कौतुक करता.

समजूत आणि उपचार यांची गाठ फक्त रुग्णांच्या मनात पडते असं समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. हॉल्स्टेड यांना खात्री होती की हा आजार स्तनातून क्रमाक्रमानं बाहेर सरकत जातो, म्हणून जितकं जास्त कापू तितकं बरं. त्या समजुतीपायी जगभरच्या शल्यविशारदांनी पुढची सत्तर-ऐंशी वर्षं स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढले. पिट्सबर्गच्या डॉ. बर्नार्ड फिशर यांनी आणि मिलानच्या डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी चाचण्या करून दाखवलं की लहान गाठ असेल तर फक्त गाठ आणि भोवतीचा भाग काढून शेक दिला तरी आयुष्य तितकंच मिळतं. 2002 साली दोघांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. डॉक्टरांनाही जुनी समजूत सोडायला पिढ्या लागल्या, आणि आज ज्या बाया “मुळासकट काढून टाका, काही शिल्लक ठेवू नका” म्हणतात त्या तुमच्याच आधीच्या पिढ्यांची समजूत बोलून दाखवतात. त्यातली कुणी पूर्ण स्तन काढायचं निवडते कारण रोजच्या शेकासाठी काही आठवडे शहरात राहणं तिला परवडत नाही. कुणी निवडते कारण तिला वाटतं, स्तन ठेवला तर मूळ राहील. बाहेरून दोघींचा निर्णय सारखाच. पहिलीला धर्मशाळेत जागा हवी, दुसरीला माहिती हवी. न विचारता हे कळणार कसं?

आणि आता एक तक्रार, जी मनावर दगड ठेवून लिहिते. बाई जेव्हा कधी हिंमत करून विचारते, “कशामुळे झालं हो, डॉक्टर?” तेव्हा तिला बहुतेक दोनच उत्तरं मिळतात. एक, “ते आता महत्त्वाचं नाही.” दुसरं उत्तर म्हणजे धोक्याच्या घटकांचं पाठांतर: पहिलं मूल उशिरा, अंगावर पाजलं नाही, वजन जास्त. हे दुसरं उत्तर सासूसमोर, नवऱ्यासमोर दिलं जातं. घरी गेल्यावर त्याचं काय होतं ते मी ऐकलं आहे. ज्या बाईला दूधच आलं नव्हतं तिला म्हणतात, फिगर जपायला पाजलं नाहीस. लग्न न केलेल्या बाईला म्हणतात, निसर्गाविरुद्ध वागलीस. बारा महिने अंगावर पाजल्यानं धोका कमी होतो तो जेमतेम 4.3 टक्क्यांनी, हे लाखाच्या वर बायकांची माहिती एकत्र करणाऱ्या 2002 सालच्या अभ्यासात आहे. लाखो बायकांच्या बाबतीत ही माहिती फार मोलाची, पण समोरच्या एकीच्या गाठीचा दोष तिच्या माथी मारायला ती पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये स्त्री असणं आणि वय चाळिशीपुढं असणं याखेरीज कोणताच ठरावीक धोक्याचा घटक सापडत नाही. मग खरं उत्तर हे नव्हे का: “तुमच्या बाबतीत एका कारणावर बोट ठेवता येत नाही. तुम्ही काही केलं म्हणून किंवा केलं नाही म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही.” नातेवाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणा. घरी गेल्यावर हे वाक्य बाईच्या फार कामी येतं.

कारणाच्या प्रश्नावर दवाखाना गप्प बसला की दुसरं कुणीतरी बोलतं. गाठ विरघळवणारा काढा विकणारे, नाडी बघून ‘मुळावर’ उपचार सांगणारे, मोबाईलवर लिंबू-सोड्याचे व्हिडिओ टाकणारे, हे सगळे पहिल्या मिनिटात कारण सांगतात. तेवढ्यानंच बाई त्यांच्याकडे वळते. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं 1954 च्या औषधे व जादूटोणादी उपाय कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्याकडे येणाऱ्या बायका अशा ठिकाणांचे कागद पिशवीत घेऊनच येतात. त्यांची दखल घेऊन अन्न व औषध प्रशासनाला कळवण्याचं काम तुमच्या संघटना करू शकतात. बाईकडून ते कागद दरडावून काढून घेतले तर मात्र पुढच्या वेळी ती पिशवी उघडणार नाही.

तुम्हाला वेळ नाही, हे मला दिसतं. ओपीडीच्या दाराबाहेर नंबरांची रांग जिन्यापर्यंत गेलेली असते, निवासी डॉक्टर उभ्या उभ्या डबा खातात. म्हणून मी हा प्रश्न तुम्हीच विचारा असा आग्रह धरत नाही. सिस्टरनं विचारावा, समाजसेवा अधीक्षकांनी विचारावा, बऱ्या झालेल्या आमच्यासारख्या बाईनं विचारावा. मात्र नातेवाइकांना बाहेर बसवून विचारावा, आणि उत्तर केस पेपरवर अशा जागी लिहावं की ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या सगळ्या तज्ज्ञांच्या, बैठकीत गाठीच्या अहवालाशेजारी ते वाचलं जाईल. प्रश्न नवा नाही. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 1978 सालीच डॉक्टरांनी रुग्णाला विचारायचे प्रश्न मांडले होते, त्यातला पहिला हाच होता: तुमच्या मते हे कशामुळे झालं? वैद्यकीय शिक्षणात तो कुठंतरी शिकवलाही जात असेल. माझी मागणी तो छापील ओळ म्हणून कागदावर यावा ही आहे, कारण आपल्याकडे जे छापलेलं असतं ते भरलं जातं.

आणि एकदाच विचारून भागणार नाही. पहिल्या भेटीत बाई घाबरलेली असते, ती काहीही सांगेल किंवा “काय माहीत” म्हणेल. बायोप्सीआधी विचारा, केमो सुरू करताना विचारा, पाच वर्षांची गोळी लिहून देताना तर नक्की विचारा. कारणं बदलतात. आधी करणी म्हणणारी बाई वर्षभरानं शेतातल्या खतं-औषधांबद्दल विचारू लागते. त्या प्रश्नावर तिच्याशी समान पातळीवर बोला, कारण आता ती तुमच्या भाषेच्या जवळ आलेली असते.

गावाकडे आशाताई घरोघरी जाऊन सीबॅकचा, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्राथमिक माहिती घेणारा सरकारी फॉर्म भरतात, त्यात स्तनात गाठ आहे का हे विचारलेलं असतं. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी स्तनाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात एकही भरत नव्हत्या, 0.9 टक्के होत्या. याच महाराष्ट्रात, मुंबईच्या वस्त्यांमध्ये, टाटा मेमोरियलनं 1998 पासून दीड लाख बायकांवर केलेल्या चाचणीत दिसून आलं की प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळानं नुसत्या हातानं केलेल्या तपासणीनं पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. त्या सेविका काही मोठी यंत्रं घेऊन गेल्या नव्हत्या. वस्तीत बसल्या, बोलल्या, तपासलं, पुन्हा गेल्या. तुमच्याकडून उपचार घेऊन परतणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर तिच्या गावच्या आशाताईसाठी एक चिठ्ठी द्या: हिला सुईची भीती होती, असं समजावलं, गोळीनं वाफा येतील, लक्ष ठेवा. फार तर चार ओळी.

बायका काय म्हणतात त्याची एक वही माझ्याकडे आहे. नावं कुठंच नाहीत, फक्त वाक्यं, त्यांच्याच बोलीत, आणि प्रत्येकीनं पुढं काय उपचार घेतला किंवा टाळला तेवढी नोंद. ज्या दवाखान्यात ही ओळ छापली जाईल तिथल्या सिस्टरना आणि समाजसेवा अधीक्षकांना मी तिची प्रत स्वतः आणून देईन आणि हवं तर पहिले काही दिवस शेजारी बसून विचारायला मदतही करेन. सुईबद्दलची वाक्यं सर्वांत जास्त आहेत, तिथून सुरुवात करता येईल.

आपली नम्र,
स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेली एक बाई,
सातारा जिल्हा